विहीणबाईंची बाजारातली जागा

परभणी जिल्ह्यात बघण्यासारखं काय आहे, असं निघताना मला तिघाचौघांनी विचारलं. मी सांगितलं, माझी विहीण.

चिपळूणमध्ये हे उत्तर फारसं कुणाला रुचलं नाही. माझ्या मुलाने, अनिकेतने, पुण्यात आपल्याच ऑफिसातल्या यांगचेनशी लग्न केलं. यांगचेन तिबेटी. तिचे आजी-आजोबा डोंगर ओलांडून भारतात आले आणि तेव्हापासून हे घर निर्वासितांचं. गोंदिया जिल्ह्यात जंगलाच्या कडेला तिबेटी लोकांची एक वसाहत आहे, तिथे ती वाढली. वडील लवकर गेले. आई, डोल्माबाई, दर हिवाळ्यात परभणी जिल्ह्यात येऊन आठवडी बाजारांतून स्वेटर विकतात. दिवाळी झाली की येतात, संक्रांत झाली की वसाहतीत परततात. त्या स्वेटरांवर पोरगी इंजिनियर झाली.

लग्नात आमची पहिली भेट. मी ओटी भरायला गेले, तर त्यांनी माझ्या गळ्यात पांढरा रेशमी पट्टा घातला. त्यांच्याकडे मान द्यायची ती रीत. माझ्या नणंदेने बाजूला घेऊन त्यांना समजावलं की आमच्याकडे मुलीच्या आईने जरा वाकून असायचं असतं. डोल्माबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वाकलं की कंबर दुखती माझी." त्या दिवसापासून मला ही बाई आवडायला लागली.

तर मी निघाले ते एक काम घेऊन. डोल्माबाईंचे गुडघे दुखतात. मुलांनी पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्यांची खोली तयार ठेवली आहे, पण त्या येत नाहीत. "आई, तुझं ऐकतील," अनिकेत म्हणाला. नणंदेचं म्हणणं निराळं होतं. आपल्या सोयरिकीतली बाई रस्त्यावर बसून स्वेटर विकते हे शोभत नाही. कारणं वेगळी असली तरी काम एकच होतं, बाईंना बाजारातून उठवायचं. मला ते सोपं वाटलं होतं.

गंगाखेड

स्टेशनावर त्या उभ्याच होत्या. पायघोळ तिबेटी झगा, त्यावर रंगीत पट्ट्यांचं एप्रन, आणि वर एक पुरुषी राखाडी स्वेटर. गर्दीत त्या वेगळ्या दिसत होत्या, पण वावरत मात्र घरच्यासारख्या होत्या. एका रिक्षावाल्याला बाजूला सारून दुसऱ्याला हाक मारली, माझी बॅग हिसकावली आणि मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "या, ईनबाई. लय वाळलात तुमी. कोकनात खायला घालत न्हाईत का कुनी?"

विहिणीला इकडे ईन म्हणतात. मी त्यांना विहीणबाई म्हणते, त्या मला ईनबाई. यात बरोबरी आहे, दोघींनाही ती चालते.

रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. गावावर पाक उकळत असल्यासारखा एक गोडसर, जरा आंबूस वास होता. आमच्याकडे हवेला खारटपणा असतो, सुकटीचा वास असतो. इथली हवा कोरडी, इतकी की माझे ओठ पहिल्याच संध्याकाळी फुटले. विहीणबाईंनी लोण्याचा गोळा आणून दिला. "निम्मा ओठाला लावा, निम्मा च्यात टाका."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण चहा खरंच लोण्याचा होता आणि त्यात मीठ होतं. डोळे मिटून मी तो कढणासारखा प्यायले आणि चक्क बरा लागला. चुकले ती पुढे. ताटलीत पांढरे चौकोनी तुकडे होते, मला ती बर्फी वाटली. ते याकच्या नाहीतर गाईच्या दुधाचं वाळवलेलं चीज निघालं, दगडासारखं. एका चाव्यात माझ्या दाढेची टोपी निघून हातात आली. विहीणबाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. "ते चघळायचं असतंय वो! आमचे लोक एक तुकडा तोंडात टाकून डोंगर चढत्यात!" बाकीचा प्रवास मी एका बाजूने जेवले.

त्या राहतात त्या दोन खोल्या एका निवृत्त गुरुजींच्या घरामागे आहेत. एका कोनाड्यात त्यांच्या धर्मगुरूंचा फोटो, पाण्याच्या वाट्या, तुपाचा दिवा. बाकी सगळीकडे स्वेटर. पलंगाखाली स्वेटर, माळ्यावर स्वेटर, मला झोपायला दिलेली गादीसुद्धा स्वेटरांच्या गठ्ठ्यांवर घातलेली. रात्रीचं जेवण म्हणजे थुक्पा. आपण वरणफळं करतो तशाच जातीचा प्रकार, पण पातळ. त्यात त्यांनी आंबट चुका आणि मिरचीचा ठेचा घातला होता. सोबत ज्वारीची भाकरी. "आईच्या हातचा असा नसायचा," त्या म्हणाल्या. "तिला चुका माहीतच न्हवता. पर तिनं खाल्ला असता तर सोडला नसता."

गुरुजींच्या पत्नी मंदाताई भाजी निवडायला येऊन बसल्या होत्या. मी विचारलं, खोली कशी मिळाली? मंदाताई जरा ओशाळल्या. "आधी मी नाहीच म्हटलं होतं. कोण कुठली बाई, काय खात असेल, घर परत सोडेल का नाही. तर ह्या बाहेर ओसरीवर बसून राहिल्या. म्हणाल्या, 'नाही म्हणायचं तर म्हणा, पण कामून ते सांगा.' मी विचार करायला लागले, तर मला कारणच सांगता येईना. लाज वाटली आणि किल्ली दिली."

"मग पंधरा दिवस दारातून वाकून बघायच्या," विहीणबाई म्हणाल्या. "पातेल्यात काय शिजायलंय ते."

"मग? बघितलंच पाहिजे की! आणि आता?"

"आता वाटी घेऊन येत्यात."

पालम

दुसऱ्या दिवशी पालमचा बाजार. सकाळी छोट्या टेम्पोत गठ्ठे भरले आणि गठ्ठ्यांवर आम्ही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोटरीतून नुकतं कणीस बाहेर पडलेली ज्वारी, हरभऱ्याचे हिरवे तुकडे, मधूनच काळीभोर उघडी जमीन. आमच्याकडे जमीन चढते, उतरते, झाडांत लपते. इथे ती सगळी एकदम समोर. पहिल्यांदा मला ते उघडं-उघडं वाटलं. दुपारपर्यंत डोळ्यांना मोकळं वाटायला लागलं.

विहीणबाईंची जागा ठरलेली, कडुनिंबाच्या झाडाखाली, एका बाजूला लोखंडी तवे-विळे विकणारा, दुसऱ्या बाजूला बी-बियाणांचं दुकान. चार बांबू, एक ताडपत्री, दोन बाजा. अर्ध्या तासात दुकान उभं. गिऱ्हाइकाशी भाव त्या मराठीत करतात, कपडे तिबेटीत मोजतात आणि भांडण दख्खनीत काढतात. पोलिसपाटलाच्या बायकोला "या वैनी" आणि मुसलमान म्हातारीला "आओ खाला". मला मराठी एकाच प्रकारचं येतं, तेही इथे अर्धं कळेना. "करायलाय", "जायलाय", "कामून" हे कानात बसायलाच दुपार झाली.

टोमणेही ऐकले. एक तरुण मोटारसायकलवरून न उतरताच ओरडला, "ओ चायनावाली! चायनाचा माल हाय का?"

विहीणबाईंनी हातातली घडी पुरी केली. "माल लुधियान्याचा, बाई गोंदियाची, भाव पालमचा. चायनानं माझं घर घेतलं, माझा माल कामून देईल? घ्यायचं असंल तर खाली उतरून बोल."

तो उतरला. घेतलं काही नाही, पण उतरला.

एका बाजेवरचा माल विकायचं काम माझ्याकडे दिलं होतं. माझ्या हातून पहिली विक्री झाली ती एका उंच, मिशीवाल्या शेतकऱ्याला. त्यांना गुलाबी रंग आवडला, मी दिला. ते घालून, ऐटीत तव्यांच्या दुकानापर्यंत गेले, तेव्हा विहीणबाईंनी कपाळावर हात मारला. मी बायकांचं कार्डिगन विकलं होतं, नाजूक मोत्याच्या गुंड्यांचं. मी धावत जाऊन बदलून देते म्हटलं, तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. ऊब बाईमानसाची का गड्याची, थंडीला काय कळतंय?" आणि तसेच गेले.

संध्याकाळी सगळं आवरताना एक बाई येऊन विहीणबाईंच्या गळ्यातच पडली. गयाबाई. पालमजवळ त्यांची कोरडवाहू जमीन आहे. "उद्या येळवस हाय. मागच्या साली आल्या न्हाईत तुमी. ह्या साली न्हाई आल्या तर बोलनार न्हाई. अन् ह्या कोन?"

"माजी ईन."

गयाबाईंनी मला नीट न्याहाळलं, मग विहीणबाईंना, मग पुन्हा मला. "म्हंजे पोरगी हिकडंच दिली? लय ब्येस केलं!"

गयाबाईंचं शेत

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आम्हा कोकणवाल्यांना हा सण माहीतच नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येला इकडचे लोक घराला कुलूप लावून शेतात जातात. कडब्याची खोप करतात, तिच्यात पाच पांडव म्हणून दगड मांडतात, चुना लावून पुजतात, आणि मग जेवण. हिरव्या शेंगांची, पालेभाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उकडलेले गोळे म्हणजे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली ताकाची आंबील. ज्याला शेत नाही त्याला बोलावून जेवू घालायचं, हा मुख्य नियम. आंबील मला आमच्या सोलकढीची आतेबहीण वाटली. तेवढं बोलले मात्र, आणि पाच पेले प्यावे लागले.

जेवणाआधी शेताला फेरी घालून आंबील शिंपडतात. गयाबाईंच्या नवऱ्याने मडकं उचललं आणि विहीणबाईंच्या हातात कडुनिंबाचा डहाळा दिला. दोघं ओरडत पिकातून निघाले. त्या ओरडण्याचा अर्थ मी तिघांना विचारला, तिघांनी तीन सांगितले. विहीणबाई झगा एका हाताने वर धरून, दुखऱ्या गुडघ्यांनी, ढेकळांतून सबंध शेताला वळसा घालून आल्या. घाम पुसत खोपीच्या सावलीत माझ्याजवळ बसल्या.

"गुडघे," मी म्हटलं.

"असू द्या. गुडघे शेतासाठीच असत्यात."

मग आपण होऊन बोलू लागल्या. त्यांचा जन्म हिमाचलात, रस्ता बांधणाऱ्या मजुरांच्या तंबूत. आई खडी फोडायची, बाप सुरुंगाची भोकं पाडायचा. पुढे गोंदियात जमीन मिळाली. त्यांच्या वडिलांनी तिबेटातून आणलेलं जवाचं बी जपून ठेवलं होतं. पहिल्या साली पेरलं, उन्हाने करपलं. दुसऱ्या साली पेरलं, पुन्हा करपलं. शेजारच्या गावातले लोक बांधावर येऊन सांगायचे, बाबा, इथे धान होतं, धान लाव. बाप ऐकेना. तिसऱ्या साली मूठभर जव उगवला आणि बैलाने खाल्ला.

"मग?"

"मग बाबा बांधावर बसून रडले. पहिल्यांदा. घर सोडताना बी रडले न्हवते म्हने. दुसऱ्या दिशी शेजारच्या गावात गेले आन् धान कसं लावत्यात ते इचारलं. पुढं त्या गावातले लोक त्येंच्याकडं रोपं मागायला यायचे." त्यांनी झग्याला लागलेली माती झटकली. "आईनं मातर मरेपर्यंत भाताला भात म्हनलं न्हाई. 'हिकडचा जव' म्हनायची."

मला वाटलं, हीच वेळ. मी बोलले. पुण्याची खोली, मुलांची काळजी, गुडघे, डॉक्टर, सगळं नीट मांडलं. नणंदेचं तेवढं वगळलं. मी संपवल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "झालं?"

"झालं."

"तुमी ह्याच्यासाठी आल्यात ते मला ठेसनावरच कळलं होतं. पोरीनं फोनवर तीनदा सांगितलं, सासूबाईंशी नीट बोल." मग त्या माझ्याकडे वळून बसल्या. "ईनबाई, आमाला सारखं उठवलं. आई-बापाला घरातून उठवलं, मग तंबूतून उठवलं, रस्ता पुरा झाला की उठवलं. गोंदियात बसलो तर जंगलवाले म्हनले उठा. परभनीच्या बाजारात पहिल्या साली तीन जागेवरनं उठवलं मला. आता मी बसलेय. माजं मला वाटंल तवा उठीन. पोरीनं उठवलं तर उठनार न्हाई, जावयानं उठवलं तर न्हाई. अन् तुमी उठवलं तर बी न्हाई."

"पण आम्ही काही हाकलत नाही हो तुम्हाला. मायेनं बोलावतोय."

"व्हय, मायेनं." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "पर उठा असंच म्हनायलाय ना?"

खरं सांगायचं तर राग आला. एवढ्या लांब येऊन, दाढ मोडून घेऊन, शेवटी माझंच काहीतरी चुकतंय असं ऐकून घ्यायचं! परत येताना टेम्पोत मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसले. घरी आल्यावर त्यांनी न विचारता माझ्यासाठी भात टाकला. मी तो खाल्ला आणि ताट घासून ठेवलं.

ताडकळस

ताडकळसला निघालो तेव्हा वाटेत त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं. "मागच्या बाजारी एकजन येऊन गेला. म्हनला, पुन्हा हितं दिसायचं न्हाई."

"कोण?"

"हाय एक. त्याच्या मेव्हन्यानं रेडिमेडचं दुकान टाकलंय."

"आणि तरी आपण चाललोय?"

"बाजार हाय ना आज?"

दुकान मांडून झालं, बाजाराची पावतीही फाडून झाली. मोठा बाजार. म्हशी, मिरच्या, गूळ, मडकी, जिलबीचा घाणा, लाऊडस्पीकरवर उंदराच्या औषधाची जाहिरात. थंडी पडलेली असल्याने बायका आल्याबरोबर स्वेटर चाळू लागल्या. मी आता शहाणी झाले होते, गुंड्या कुठल्या बाजूला ते बघून देत होते.

दुपारी तो आला. तिशीतला माणूस, कडक पांढरा शर्ट, गळ्यात रुमाल, मागे दोघं. येता-जाता लोक त्याला "भाऊ, राम राम" म्हणत होते. त्याने बायकांना बाजूला व्हायला सांगितलं आणि विहीणबाईंना म्हणाला, "तुला सांगितलं होतं ना? बाहेरच्यांनी हितं धंदा करायचा न्हाई. आमच्या गावातल्या पोरांनी काय करायचं मग?"

"गावातल्या पोरांनी बी करावं की. बाजार मोठा हाय."

"तोंड चालवू नको. तुमच्या देशात जा."

"पावती फाडलीय," विहीणबाई म्हणाल्या आणि एका मुलीच्या मापाचा स्वेटर शोधू लागल्या.

मला वाटतं, त्याला शिवी चालली असती. आपल्याकडे दुर्लक्ष झालेलं चाललं नाही. त्याने ताडपत्रीच्या बांबूला लाथ मारली. बांबू निसटला, ताडपत्री कलली आणि दोरीवर टांगलेले सगळे स्वेटर धुळीत पडले. वर एक बाजही उलटली.

मी वाकून पहिला स्वेटर उचलायला गेले.

"ईनबाई, उचलू नका."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. विहीणबाई पडलेल्या ढिगाच्या कडेला, मातीत, मांडी घालून बसल्या. त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "तू पाडलंस. तू उचल."

तो हसला. मागचे दोघंही हसले. "येडी झाली म्हातारी," म्हणत ते तिघं समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. त्यांना वाटलं असणार, थोड्या वेळात आवरेल आणि निघेल.

विहीणबाई हलल्या नाहीत. बोटांत जपमाळ घेतली आणि मणी ओढू लागल्या. मी काय करावं ते कळेना. उभं राहणं बरं दिसेना, बसायला लाज वाटत होती. चिपळूणची मी, बँकेतून निवृत्त झालेली, सुती इरकल नेसलेली. भर बाजारात मातीत कशी बसू? शेवटी बसले. बसल्यावर लक्षात आलं की अवघड काहीच नव्हतं.

आता प्रत्येक येणारा थांबू लागला. "काय झालं वो?" आणि विहीणबाई प्रत्येकाला तेच सांगत. रडगाणं नाही, भर घालणं नाही. "त्या टपरीवरच्या भाऊनं माजं दुकान पाडलंय. त्यो उचलंल, मग मी धंदा करीन." लोक टपरीकडे बघत. काहीजण पुढे होऊन उचलायला लागले. एक म्हातारी तर "आमच्या गावाची अब्रू गेली" म्हणत वाकलीच. विहीणबाईंनी तिचा हात धरला. "माय, तुमी नका. तुमी न्हाई पाडलं."

बाजारसमितीत ओळख असलेला कुणी एक मध्यस्थ आला. गोड बोलला. "बाई, झालं गेलं विसरा. मी चार मानसं देतो, उचलून मांडून देत्यात. तुमचं नुकसान नको."

"चार मानसं नको. एक पायजे."

"असं हट्टाला पेटू नये. तुमी पाव्हनी मानसं."

यावर मात्र माझ्या तोंडून निघून गेलं, आणि इतक्या मोठ्याने की माझं मलाच नवल वाटलं. "पाहुण्या कशा? यांची लेक माझ्या घरात आहे! पाहुणी असेन तर मी आहे. मी कोकणातून आले. या इथल्या आहेत."

तो मागे सरला. विहीणबाईंनी मणी ओढायचं थांबवून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा जप सुरू केला.

ऊन कलायला लागलं. टपरीवर आता हसणं नव्हतं. भाऊला "राम राम" म्हणणारे आधी आमच्याकडे बघत, मग त्याच्याकडे, आणि काही न बोलता पुढे जात. तो उठून गेला असता तर आमच्याकडे काही उरलं नसतं. पण गेला असता तर पळाला असं झालं असतं, आणि पंचायतीच्या निवडणुकीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं, असं मागून कळलं. त्याच्या मागचे दोघं केव्हाच पांगले होते. टपरीवाल्याने रिकामा ग्लास उचलला आणि दुसरा चहा विचारला नाही.

शेवटी तो आला. एकटाच. विहीणबाईंकडे न बघता वाकला, सगळ्यात जवळचा स्वेटर उचलला आणि दुसऱ्या बाजेवर फेकला.

"झटकून," विहीणबाई म्हणाल्या.

त्याचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हात उगारतो. आजूबाजूला माणसांचं कडं होतं. त्याने तो स्वेटर पुन्हा हातात घेतला आणि झटकला. मग दुसरा. तिसरा. मध्येच एक लहान बाळाचा होता, टोपीसकट. तो हातात घेऊन जरा थांबला, आणि तोही झटकून घडी घातल्यासारखा ठेवला. सगळे होईपर्यंत विहीणबाई बसून होत्या. शेवटी त्याने उलटलेली बाज सरळ केली आणि बांबू उभा केला.

"त्याची गाठ पक्की मार," त्या म्हणाल्या. "वारं लय सुटतंय."

गाठ मारली आणि गेला. माफी मागितली नाही, आणि विहीणबाईंनी मागायला लावली नाही. त्या माझा हात धरून उठल्या तेव्हा त्यांचे गुडघे असे धरले होते की दोघी मिळून पडता पडता वाचलो. "लय भ्याले होते वो," त्या माझ्या कानात म्हणाल्या. मग बाजेकडे वळल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हं, या! कुनाला काय दावू?"

पुन्हा गंगाखेड

सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. पुढच्या बाजारी काय होईल ते विहीणबाईंनाही ठाऊक नव्हतं. मंदाताईंनी ऐकलं तेव्हा आधी त्या विहीणबाईंना भरपूर रागावल्या, मग तिखट-मीठ लावून गल्लीभर सांगून आल्या. गुरुजी म्हणाले, ताडकळसला माझे विद्यार्थी आहेत, पुढच्या वेळी मी येतो सोबत. विहीणबाई म्हणाल्या, "या. पर बसायला यायचं, भाषन द्यायला न्हाई."

अनिकेतला मी फोन केला. "काय म्हणाल्या? कधी येताहेत?"

"येत नाहीत."

"तू नीट समजावलंस ना?"

"समजावलं. आणि चुकीचं समजावत होते, ते ताडकळसच्या बाजारात मातीत बसल्यावर कळलं. तुम्ही दोघं गुडघ्यांचं बघा. तेल पाठवा, पट्टा पाठवा, सुट्टी घेऊन इथे या आणि गठ्ठे उचला. खोली राहू दे तयार. पण 'या' म्हणायचं, 'उठा' म्हणायचं नाही."

पलीकडे फोनची हातापालट झाली. मग यांगचेनचा आवाज आला, हलका. "आईने तुम्हालासुद्धा मातीत बसवलं का?"

"मी बसले," मी म्हटलं. "कुणी बसवलं नाही."

माझी गाडी दुपारची होती. सकाळी गंगाखेडलाच दुकान लावलं. विहीणबाई मला देण्यासाठी हुरड्याची कणसं आणायला गेल्या आणि बाजेवर मी एकटी राहिले. उन्हात बसून मी बाळांचे स्वेटर एका बाजूला, मोठ्यांचे दुसऱ्या बाजूला लावत होते. लुगडं नेसलेली एक आजी सुनेला घेऊन आली. स्वेटर चाचपता चाचपता तिची नजर माझ्या कुंकवावर गेली, मग चेहऱ्यावर, मग दोरीवर टांगलेल्या विहीणबाईंच्या रंगीत एप्रनवर.

"त्या नेपाळी बाई कुटं गेल्या? अन् तुमी वो, तुमी त्यांच्यातल्याच का?"

सून सासूला कोपराने ढोसत होती, असं विचारू नका म्हणून.

"नेपाळी नाही, तिबेटी," मी म्हटलं. "आणि हो, त्यांच्यातलीच. आम्ही एका घरच्या. रंग कोणता दाखवू?"